करवतीच्या साखळीचे तीन आकडे

पावसाळ्यात रस्त्यावर मोठे झाड कोसळले की अग्निशमन दलाची गाडी येते आणि जवान चेनसॉ, म्हणजेच साखळी-करवत, बाहेर काढतात. दोघांनी समोरासमोर बसून ओढायच्या करवतीने ज्या बुंध्याला घाम काढावा लागला असता, तो काही मिनिटांत दुभागतो. बघणाऱ्यांचे लक्ष इंजिनाच्या आवाजाकडे असते. लाकूड मात्र कापते ती साखळी. ती लोखंडी पट्टीच्या कडेने गरगर फिरते, झिजते, बोथट होते, क्वचित तुटतेही. मग नवी आणावी लागते. या पट्टीला गाईड बार किंवा नुसते बार म्हणतात. दुकानात जाऊन ‘१८ इंची बारची साखळी द्या’ एवढेच सांगितले, तर जाणता दुकानदार उलट तीन प्रश्न विचारतो: पिच किती, गेज किती आणि कड्या किती?

बारची लांबी ठाऊक असताना आणखी तीन आकडे कशाला, हा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर भूमितीत आहे, तसेच इतिहासातही आहे. साखळी बारवर बसते की नाही हा प्रश्न सुरुवातीला नव्हताच, कारण पहिल्या साखळी-करवतीला बारच नव्हता. पुढे बार आला, तरी साखळी आणि बार एकाच कारागिराच्या हातून घडत. ज्या दिवशी एकाने केवळ साखळी बनवून दुसऱ्याच्या यंत्रासाठी विकायला सुरुवात केली, त्या दिवसापासून या आकड्यांना खरे महत्त्व आले.

बार नसलेली साखळी

चेनसॉचा शोध बाळंतपणासाठी लागला, असे विधान अलीकडे वारंवार वाचायला मिळते. त्यात तथ्य आहे, पण ते अर्धेच. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडमध्ये जॉन एटकिन आणि जेम्स जेफ्री या दोन डॉक्टरांनी दातेरी साखळीचे हत्यार योजले. १७८५ च्या सुमारास एटकिन यांनी त्याची माहिती दिली. प्रसूतीत मूल अडकले की कटीरातील पुढचा कूर्चेचा सांधा कापून वाट रुंद करण्याची शस्त्रक्रिया त्या काळी केली जाई. सिझेरियनमध्ये त्या काळी आई बहुधा दगावत असे, त्यामुळे या शस्त्रक्रियेचा विचार होत होता. ग्लासगो येथे शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक असलेल्या जेफ्री यांना हे हत्यार सडलेले हाड काढण्यासाठीही हवे होते.

त्यांची साखळी घड्याळातील बारीक साखळीसारखी होती. तिच्या आतल्या, अंतर्वक्र बाजूला दाते होते आणि दोन्ही टोकांना मुठी होत्या. हाडाखालून ती ओवायची आणि दोन्ही हातांनी आळीपाळीने ओढायची. इंजिन नाही, चाक नाही, बार नाही. साखळीला वळण देणारी वस्तू म्हणजे रुग्णाचे हाडच. तेव्हा ‘ही साखळी कशावर बसेल’ असे विचारण्याचा प्रसंगच येत नव्हता. पुढे १८९४ मध्ये लिओनार्दो जिली या इटालियन डॉक्टरांनी पिळाच्या तारेची करवत सुचवली. ती स्वस्त आणि सुटसुटीत असल्यामुळे शस्त्रक्रियेतील साखळी मागे पडली.

हाइने यांची पट्टी

दरम्यान १८३० मध्ये जर्मनीतील व्युर्त्सबुर्ग येथे बर्नहार्ड हाइने यांनी आणखी एक पाऊल टाकले होते. शस्त्रवैद्यकातील उपकरणे घडवणे हा त्यांच्या घराण्याचा व्यवसाय होता. त्यांनी ‘ऑस्टिओटोम’ म्हणजे अस्थिछेदक तयार केला. त्यात एका सपाट पट्टीच्या कडेने दातेरी साखळी फिरे. मागच्या बाजूला दातेरी चक्र होते आणि ते हाताने फिरवायची मूठ होती. साखळीला टोके उरली नाहीत, ती अखंड झाली. पुढे-मागे होणाऱ्या करवतीची हालचाल जाऊन एकाच दिशेने सतत फिरणारी हालचाल आली. ईथरची भूल १८४६ मध्ये प्रचारात आली. त्याआधी हातोडी-छिन्नीचे हादरे न देता हाड कापता येणे ही रुग्णाच्या दृष्टीने मोठीच गोष्ट होती.

आजच्या चेनसॉचे तीन मुख्य भाग, म्हणजे अखंड साखळी, तिला वाट दाखवणारी पट्टी आणि तिला ओढणारे दातेरी चक्र, हाइने यांच्या यंत्रात एकत्र दिसतात. साखळीची कडी चक्राच्या दातात बसली पाहिजे, ती पट्टीवरून घसरता कामा नये आणि वेढा सैल वा आखूड राहता कामा नये. या तिन्ही अटी तेथेच जन्मल्या. मात्र त्यांच्यासाठी आकडे लिहून ठेवायची गरज नव्हती. साखळी, चक्र आणि पट्टी एकाच कारागिराच्या बाकावर, एकमेकांशी ताडून, कानशीने घासून तयार होत. ते यंत्र बनवायला अवघड आणि महाग होते, ते या कारणानेही.

जंगलात आलेले यंत्र

लाकूडतोडीसाठी हे यंत्र येण्यास जवळजवळ शंभर वर्षे लागली. आधी दुसरीकडे प्रगती व्हावी लागली. हान्स रेनॉल्ड यांनी १८८० मध्ये मँचेस्टर येथे बुश रोलर साखळीचे पेटंट घेतले. सायकलला आणि कारखान्यांना लागणारी, हजारोंनी एकसारखी निघणारी साखळी त्यातून रूढ झाली. दुसरी गरज होती ती जंगलात नेता येईल अशा शक्तीच्या साधनाची.

आंद्रेआस श्टील यांनी १९२६ मध्ये विजेवर चालणारी साखळी-करवत बनवली. तिचे वजन ६४ किलो होते आणि ती चालवायला दोन माणसे लागत. १९२७ मध्ये एमिल लेर्प यांनी जर्मनीतील थुरिंगिया प्रांतात डोलमार नावाच्या डोंगरावर आपली ५८ किलोची पेट्रोल-करवत चालवून दाखवली. त्यांच्या कंपनीने पुढे त्या डोंगराचेच नाव घेतले. १९५० मध्ये श्टील यांची १६ किलोची, एकट्याने चालवायची करवत आली. १९५९ मध्ये मधले गिअर काढून टाकून इंजिनाने चक्र थेट फिरवणारे यंत्र आले आणि साखळीचा वेग बराच वाढला.

इंजिने सुधारत असताना साखळीचे दाते मात्र कितीतरी दिवस जुनेच राहिले. आडव्या कापणीच्या हातकरवतीत असतात तसे उभे, टोकदार दाते साखळीवर बसवलेले असत. काही दाते लाकडाचे तंतू ओरबाडत आणि काही तो भुसा बाहेर ओढत. हे दाते लवकर बोथट होत आणि त्यांना पुन्हा धार लावणे हे कौशल्याचे व वेळखाऊ काम होते. यंत्र ताकदवान, पण दिवसाचा बराच भाग कानस चालवण्यात जाई.

अळीचा जबडा आणि सुटी साखळी

अमेरिकेच्या ऑरेगन राज्यातील जोसेफ ब्यूफोर्ड कॉक्स हे स्वतः लाकूडतोडीच्या धंद्यातले होते. १९४६ मध्ये लाकूड फोडताना त्यांचे लक्ष एका अळीकडे गेले. लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याची ती बोटाएवढी अळी लाकडाच्या तंतूंच्या दिशेने आणि तंतूंना आडवी, दोन्हीकडे सारख्याच सहजतेने वाट काढत होती. कॉक्स यांनी तिचे निरीक्षण केले. तिच्या जबड्याचे दोन भाग आतल्या बाजूला वळलेले होते आणि ते डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे असे लाकूड कातरत होते. ती लाकूड ओरबाडत नव्हती, त्याचे तुकडे काढत होती.

कॉक्स यांनी पोलादात तीच रचना केली. त्यांच्या साखळीतील कापणारी प्रत्येक कडी वरून वाकवून आत वळवलेली होती. एक कडी डावीकडची, पुढची उजवीकडची, अशी त्यांची मांडणी होती. आजच्या साखळीत प्रत्येक पात्याच्या पुढे एक छोटा उंचवटा असतो. पाते लाकडात किती खोल शिरेल हे तो ठरवतो, जसे रंध्याचे पाते किती बाहेर काढले आहे त्यावर ढलपीची जाडी ठरते. ही उंची साधारण ०.६५ मिलिमीटर कमी ठेवलेली असते. पाते वळणदार असल्यामुळे साध्या गोल कानशीने त्याला धार लावता येते.

१९४७ मध्ये कॉक्स यांनी पोर्टलंड येथील आपल्या घराच्या तळघरात साखळ्या बनवून विकायला सुरुवात केली. विज्ञानाच्या पुस्तकांत ही अळीची गोष्ट निसर्गापासून शिकण्याचे उदाहरण म्हणून येते आणि ते योग्यच आहे. आमच्या मते तिचा दुसरा भाग तितकाच महत्त्वाचा आहे. कॉक्स यांनी करवत बनवली नाही, त्यांनी साखळी बनवली. ती इतरांच्या यंत्रांवर चढणार होती. कारागिराच्या बाकावर ताडून पाहण्याची सोय तेथे नव्हती. बनवणारा एका गावी, यंत्र दुसऱ्या गावी आणि वापरणारा तिसऱ्याच जंगलात. अशा वेळी ‘बसते’ या शब्दाचा अर्थ मोजमापात सांगावाच लागतो. तो तीन आकड्यांत सांगता येतो.

पहिला आकडा: पिच

साखळीत तीन प्रकारच्या कड्या असतात. कापणारी कडी, तिच्याबरोबर जोड पुरा करणारी पट्टी, आणि खाली शेपटासारखा निमुळता भाग असलेली मधली कडी. या मधल्या कडीला ड्राइव्ह लिंक म्हणतात. तिचा शेपटासारखा भाग चक्राच्या खाचेत अडकतो आणि बारच्या खोबणीतून सरकतो.

सायकलच्या साखळीत एका पिनपासून दुसऱ्या पिनपर्यंतचे अंतर म्हणजे पिच. करवतीच्या साखळीत हे सरळ चालत नाही, कारण ड्राइव्ह लिंकच्या दोन रिव्हेटांतील अंतर आणि तिच्या शेजारच्या जोडातील अंतर सारखे नसते. म्हणून लागोपाठच्या तीन रिव्हेटांपैकी पहिल्या आणि तिसऱ्या रिव्हेटाच्या मध्यांतील अंतर मोजतात आणि त्याची निमपट घेतात. नेहमी भेटणारी मापे १/४, ०.३२५, ३/८ आणि ०.४०४ इंच ही आहेत. मेट्रिक पद्धत वापरणाऱ्या जर्मनी-स्वीडनमधील कंपन्याही पिच इंचांतच सांगतात.

०.३२५ आणि ३/८ (०.३७५) यांत फरक आहे ०.०५ इंचाचा, म्हणजे सव्वा मिलिमीटरचा. पण प्रत्येक ड्राइव्ह लिंकमागे दोन पिच असतात, म्हणून फरक २.५४ मिलिमीटर होतो. पहिली कडी चक्राच्या खाचेत बसली तरी दुसरी अडीच मिलिमीटर पुढे पडेल, तिसरी पाच, आणि साखळी चक्राच्या दातांवर चढेल. येथे वेगाचाही विचार करावा. सात दातांचे चक्र एका फेऱ्यात सात ड्राइव्ह लिंक ओढते. ०.३२५ पिचला हे अंतर ७ × २ × ८.२५५ म्हणजे सुमारे ११५.६ मिलिमीटर होते. मिनिटाला १०,००० फेरे धरले, तर साखळीचा वेग सेकंदाला १९ मीटरहून अधिक, म्हणजे ताशी सुमारे ६९ किलोमीटर येतो. या वेगाने पळणारी पोलादी साखळी दातांवरून निसटली, तर ती कोठे जाईल हे सांगता येत नाही.

नावावरून फसण्याची एक जागा आहे. ३/८ या नावाने दोन साखळ्या मिळतात. एक नेहमीची आणि एक हलक्या यंत्रांसाठीची, कमी उंचीची. दुसरीच्या नावापुढे बहुधा एखादे अक्षर किंवा ‘लो प्रोफाइल’ असे शब्द असतात. दोघींची चक्रे वेगळी आणि कानशीही वेगळ्या असतात. आकडा तोच दिसला म्हणून एकीच्या जागी दुसरी चढवू नये.

दुसरा आकडा: गेज

गेज म्हणजे ड्राइव्ह लिंकच्या खालच्या भागाची जाडी. तो भाग बारच्या खोबणीतून धावतो, म्हणून खोबणीची रुंदी आणि ही जाडी जुळली पाहिजे. नेहमीची मापे ०.०४३, ०.०५०, ०.०५८ आणि ०.०६३ इंच, म्हणजे साधारण १.१, १.३, १.५ आणि १.६ मिलिमीटर. कडी खोबणीपेक्षा जाड असेल तर ती आत शिरत नाही आणि चूक तेथेच कळते. पातळ असेल तर साखळी बसते, फिरतेही. धोका येथेच आहे. ती खोबणीत डावीकडे-उजवीकडे डुलते, काप वाकडा जातो, बारच्या कडा झिजतात आणि एखाद्या वेळी साखळी उतरते. न बसणाऱ्या साखळीपेक्षा सैल बसणारी साखळी अधिक फसवी.

शाळेच्या प्रयोगशाळेतील नेहमीच्या व्हर्नियर कॅलिपरचे लघुत्तम माप ०.१ मिलिमीटर असते. १.५ आणि १.६ या दोन गेजांतील फरकही जवळपास तेवढाच. म्हणजे व्हर्नियर येथे आपल्या मर्यादेवर येतो. ०.०१ मिलिमीटरपर्यंत मोजणारा स्क्रू गेज मात्र हे काम निःसंशय करतो. मोजायच्या फरकापेक्षा उपकरणाचे लघुत्तम माप बरेच लहान का असावे लागते, हे शिकवायला याहून चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही. बहुतेक वेळा गेज बारच्या मागच्या टोकाजवळ कोरलेला असतो. काही कंपन्या ड्राइव्ह लिंकवर १.३ साठी नुसता ३, १.६ साठी ६ असा खुणेचा आकडा उमटवतात.

तिसरा आकडा: कड्यांची संख्या

बारची इंचातली लांबी म्हणजे यंत्राच्या अंगापासून टोकापर्यंत कापायला उपलब्ध असलेला भाग. यंत्राच्या आत दडलेला भाग त्यात धरलेला नसतो आणि चक्र बारपासून किती दूर आहे हे प्रत्येक यंत्रात वेगळे असते. त्यामुळे १८ इंची बारला ०.३२५ पिचच्या एका कंपनीच्या यंत्रावर ७२ ड्राइव्ह लिंक लागतात, तर दुसरीच्या यंत्रावर ७४. साखळीची खरी लांबी म्हणजे ड्राइव्ह लिंकची संख्या गुणिले पिचची दुप्पट. ७२ कड्या आणि ०.३२५ पिच असेल तर ४६.८ इंच, आणि त्याच ७२ कड्या ३/८ पिचच्या असतील तर ५४ इंच. एकट्या आकड्याला अर्थ नाही, तिन्ही एकत्र असले तरच साखळी ठरते.

कड्या मोजताना साखळी जमिनीवर पसरावी, एका ड्राइव्ह लिंकवर खडूने खूण करावी आणि तेथून शेपटे मोजत जावीत. पडताळा म्हणून रिव्हेट मोजून दोनाने भागावे. साखळी तुटली असेल तर सर्व तुकडे हाताशी आहेत ना, हे आधी पाहावे.

आकडे जुळले तरी

तिन्ही आकडे जुळूनही नवी साखळी नीट चालत नाही असे कधी कधी होते. याचे कारण झीज. साखळी ‘ताणली’ असे आपण म्हणतो, पण पोलाद लांबत नाही. सांधे झिजतात. ७२ ड्राइव्ह लिंकच्या साखळीत १४४ सांधे असतात. प्रत्येक सांध्यात केवळ ०.०५ मिलिमीटर झीज झाली, तरी साखळी ७.२ मिलिमीटर लांब होते. म्हणजे तिचा पिच वाढतो आणि त्या वाढत्या पिचनुसार चक्राचे दातही झिजतात. जुनी साखळी आणि जुने चक्र एकमेकांना सरावलेले असतात. त्या चक्रावर नवी, अचूक पिचची साखळी चढवली की ती खडबडत चालते आणि लवकर खराब होते. म्हणून दोन-तीन साखळ्यांमागे चक्र बदलावे असा प्रघात आहे.

दुसरी बाब जिवाशी संबंधित आहे. बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला, तर साखळी तेथे क्षणभर अडते आणि तिची गती बारला मिळते. यंत्र डोळ्याचे पाते लवते न लवते तोच वर आणि मागे, चालवणाऱ्याच्या चेहऱ्याकडे उसळते. ही उसळी थोपवण्यासाठी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून यंत्रांवर साखळी-ब्रेक येऊ लागले. पुढे उसळी कमी करणाऱ्या रचनेच्या साखळ्याही आल्या. तेव्हा साखळी निवडताना तीन आकड्यांबरोबर, आधीची साखळी कमी उसळीची होती का, हेही पाहावे. जास्त वेगाने कापते म्हणून व्यावसायिकांची साखळी नवशिक्याने घेऊ नये. यंत्राच्या पुस्तिकेत बार आणि साखळीच्या मान्य जोड्या दिलेल्या असतात, त्यांबाहेर जाऊ नये.

वर्गात काय करता येईल

चेनसॉ वर्गात आणण्याची वस्तू नाही आणि आम्ही तसे सुचवतही नाही. सायकल मात्र शाळेच्या फाटकाशी उभी असते. साध्या सायकलच्या साखळीचा पिच अर्धा इंच असतो आणि आतली रुंदी १/८ इंच. विद्यार्थ्यांना ताणलेल्या साखळीवर पिनच्या मध्यापासून मोजून २४ पिचचे अंतर घ्यायला सांगावे. नव्या साखळीत ते १२ इंच, म्हणजे ३०४.८ मिलिमीटर भरते. ते ३०८ मिलिमीटरच्या आसपास असेल, तर साखळी एक टक्का झिजली आहे आणि बदलायला हवी. पाच-सहा सायकलींची मापे घेऊन, साखळी किती वर्षे वापरली त्याच्याशी त्यांचा आलेख काढता येईल. दोन पिनांमधले एकच अंतर मोजण्यापेक्षा २४ अंतरे एकदम मोजून भागाकार केल्याने चूक का कमी होते, हा प्रश्न त्यांना जरूर विचारावा.

मोठ्या विद्यार्थ्यांना आणखी एक काम देता येईल. गावातील सायकल दुरुस्तीच्या दुकानात जाऊन, कोणते भाग कोणत्या मापांवरून मागवले जातात, याची यादी करायला सांगावी. हाइने यांच्या साखळीला असे माप लागत नव्हते, कारण ती एकाच यंत्रासाठी होती. ते यंत्र मोडले तर दुरुस्तीसाठी पुन्हा तसाच कारागीर गाठावा लागे. आज वादळात पडलेले झाड बाजूला करणाऱ्या जवानाला, आपली साखळी कोणी आणि कोठे बनवली हे ठाऊक असण्याची गरज नसते. तीन आकडे ठाऊक असले आणि ते तपासून घेतले, की त्याचे काम भागते.